अर्धवट कामांचा बादशहा

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये कुणाकुणाच्या खोलीत दिवा जळतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यातला एक दिवा दर सेमिस्टरला माझा असतो. सहा जर्नल्स सुरू केलेली, पुरं एकही नाही! पोरगं हुशार आहे पण आळशी आहे, हे मी शाळेपासून ऐकत आलोय. गेल्या वर्षी एका डॉक्टरांनी याला वेगळं नाव दिलं, एडीएचडी. त्यानंतर मी लिओनार्दो दा विंचीचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, आणि हा माणूस मला एकदम आपल्या विंगमधला वाटायला लागला.

त्याचा जन्म १५ एप्रिल १४५२ चा, इटलीतल्या विंची गावचा. आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून वडिलांचा नोटरीचा पेशा त्याला बंद होता. तो फ्लॉरेन्सला वेरोक्कियोच्या कारखान्यात उमेदवारीला लागला. चित्रं, शिल्पं, धातूकाम, सगळं एकाच छपराखाली.

१४८१ मध्ये एका मठाने त्याला मोठं चित्र सांगितलं. मुदत चोवीस महिने, फार तर तीस. पठ्ठ्याने रेखाटन केलं, रंगाचा पहिला हात दिला आणि चालला मिलानला! ते चित्र आजही तसंच अर्धवट, फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहे.

मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला आपल्या वडिलांचा अश्वारूढ ब्राँझचा पुतळा हवा होता. लिओनार्दो घोड्यांच्या शरीररचनेत शिरला, तिथून तबेल्यांच्या नकाशांत. १४८९ मध्ये लुदोविकोने वैतागून फ्लॉरेन्सकडे दुसऱ्या कारागिराची चौकशी केली. शेवटी १४९३ मध्ये मातीचा प्रचंड घोडा उभा राहिला. पण पुढच्याच वर्षी राखून ठेवलेलं ब्राँझ युद्धात तोफांसाठी गेलं, आणि १४९९ मध्ये मिलान घेणाऱ्या फ्रेंचांच्या तिरंदाजांनी त्या घोड्यावर नेमबाजी केली.

'लास्ट सपर'ची कथा तर आपलीच. पाहणाऱ्याने लिहून ठेवलंय की हा कधी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तहानभूक विसरून रंगवायचा, कधी तीन-चार दिवस ब्रशला हात लावायचा नाही, तर कधी भर दुपारी येऊन एक-दोन फटकारे मारून चालू पडायचा. १४९७ मध्ये लुदोविकोने तगादा लावला, १४९८ च्या सुमारास चित्र पुरं झालं. पण ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवणं त्याला जमणारं नव्हतं, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. ते त्याच्या हयातीतच पापुद्रे सोडायला लागलं.

आता याला आळशी म्हणायचं? त्याच्या वह्यांची सात हजारांवर पानं आज शिल्लक आहेत! डॉक्टरांनी मला जे समजावलं ते असं: आपल्या मेंदूत एक कारभारी असतो. काम सुरू करणं, आधी काय नि नंतर काय ठरवणं, वेळेचा अंदाज घेणं, मोह आवरणं, ही त्याची खाती. याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. बुद्धी आणि हा कारभारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एडीएचडीत कारभारी कच्चा असतो. आवडीच्या कामात माणूस बुडून जातो, पण गरजेच्या कामाला हातच लागत नाही.

२०१९ मध्ये, लिओनार्दोच्या मृत्यूला पाचशे वर्षं झाली तेव्हा, मार्को कतानी आणि पाओलो माझ्झारेल्लो यांनी 'ब्रेन' या नियतकालिकात मांडलं की त्याला एडीएचडी असावा. मेलेल्या माणसाचं निदान पक्कं करता येत नाही, हे खरंच. आणि एखादं जर्नल राहिलं म्हणजे एडीएचडी झाला असंही नाही. ही अडचण लहानपणापासून असते आणि घरीदारी सगळीकडे नडते.

पण मला खरा चटका लावला तो पुढच्या भागाने. लिओनार्दोने प्रेतांचं विच्छेदन करून हृदय, स्नायू, हाडं यांची अप्रतिम चित्रं काढली. ग्रंथ करायचा होता. सोबतचा शरीरशास्त्राचा प्राध्यापक मार्कान्तोनियो १५११ मध्ये वारला, आणि ग्रंथ राहिला तो राहिलाच. १५४३ मध्ये वेसालियसचं पुस्तक आलं आणि आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया रचल्याचं श्रेय त्याला मिळालं. लिओनार्दोची पानं शतकानुशतकं पडून राहिली. म्हणून अर्धवटपणा ही मिरवायची गोष्ट नाही, त्याची किंमत मोजावी लागते.

याउलट, त्याचा मित्र गणिती लुका पाचोली. त्याच्या पुस्तकासाठी लिओनार्दोने घनाकृती काढून दिल्या, आणि पाचोलीने ते पुस्तक १५०९ मध्ये व्हेनिसला छापून घेतलं. लिओनार्दोच्या हयातीत छापली गेलेली त्याची चित्रं ती एवढीच. चित्रं याची, कारभारी दुसऱ्याचा!

२ मे १५१९ ला तो फ्रान्समध्ये वारला. मोनालिसा शेवटपर्यंत त्याच्याजवळच होती, गिऱ्हाइकाला दिलीच नव्हती.

मित्रांनो, कारभारी उसना घेता येतो, एवढं मी यातून शिकलो. लिओनार्दो कुणाला काय विचारायचं, काय मोजायचं याच्या याद्या वहीत करायचा. मीही आता खिशात छोटी डायरी ठेवतो. रूम पार्टनर रोज रात्री नऊला समोर बसतो. तो त्याचं लिहितो, मी माझं. डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. या सेमिस्टरला सहापैकी चार जर्नल्स वेळेत सही होऊन आली.

आणि सर, तुमच्या वर्गातही असा एखादा असेल. त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा विचारा, की बाबा, तुझं अडतंय कुठे?