पंचांगाचा इतिहास लिहिणारे शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

गुढीपाडवा आणि उगादी आपल्या आदिलाबादेत एकाच दिवशी येतात. सकाळी कडुलिंबाचा प्रसाद झाला की आपल्याकडे पंचांगवाचन होते आणि शेजारच्या तेलुगू घरांतील मंडळी देवळात पंचांगश्रवणाला बसतात. कोणत्या राशीला आदाय किती, व्यय किती, राजपूज्य किती, हे आकडे ऐकायला सगळेच कान टवकारतात. वर्षभर रोजचे भविष्य वाचणारे तर घरोघरी आहेत. आता तरुण मुले मोबाइलवर रोज सकाळी टॅरोचे एक पान काढतात आणि त्याचा अर्थ वाचूनच कॉलेजला निघतात. साधन बदलले, पण आजचा दिवस काय सांगतो, हा प्रश्न जुनाच आहे. अशा वेळी ज्यांनी हे सारे शास्त्र मुळापासून तपासून मराठीत मांडले, त्या शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची ओळख आपल्या सभासदांना, विशेषतः मुलांना, असावी असे आम्हाला वाटते.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली कोकणात दापोलीजवळच्या मुरूड या गावी झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही गाव तेच. गावच्या शाळेत शिकून दीक्षित १८७० साली पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले. शिक्षक झाल्यावर त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली, पण त्यापुढची कॉलेजची पदवी त्यांच्याकडे नव्हती. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा ठिकाणी नोकरी करत अखेर ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवू लागले. बदल्यांची नोकरी, बेताचा पगार आणि हाती मिळतील तेवढीच पुस्तके, अशा परिस्थितीत त्यांनी ज्योतिषाचा अभ्यास केला.

त्या काळी महाराष्ट्रात पंचांगाचा मोठा वाद चालू होता. बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून केली जात. कोकणातल्या नांदगावच्या या पंडिताने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, किचकट गणित टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत दिली होती. पण साडेतीनशे वर्षांत लहान लहान चुका साठत गेल्या आणि पंचांगातली ग्रहस्थिती व आकाशातली ग्रहस्थिती यांत फरक पडू लागला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे नवे पंचांग काढले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

हा वाद केवळ पंडितांपुरता नव्हता. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. ती दिवसा किंवा रात्री केव्हाही संपू शकते. आपण मात्र सहसा सूर्योदयाच्या वेळी असलेली तिथी त्या दिवसाची मानतो. त्यामुळे दोन पंचांगांत चार-सहा घटकांचा फरक पडला तरी एका घरी एकादशी आज आणि दुसऱ्या घरी उद्या असे होई. उपास कधी, श्राद्ध कधी, लग्नाचा मुहूर्त कोणता धरायचा, असा हा सरळ घरातला प्रश्न होता.

दीक्षितांचे मत त्याहून पुढचे होते. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासह ते सायन पंचांगाचे पुरस्कर्ते होते. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला, आणि आपण मकरसंक्रांत करतो जानेवारीत. दर सुमारे बहात्तर वर्षांनी हे अंतर एका दिवसाने वाढते. असेच चालले तर हजारो वर्षांनी सण आणि ऋतू यांची फारकत होईल, म्हणून पंचांग ऋतूंशी जोडलेले असावे, असे या मंडळींचे म्हणणे होते. लोकांनी ते स्वीकारले नाही. संक्रांत आजही निरयन पद्धतीनेच होते. मात्र २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने जी राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, तिचे वर्ष वसंतसंपाताशीच जोडलेले आहे.

दीक्षितांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ. वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतचा हा इतिहास त्यांनी संस्कृतात किंवा इंग्रजीत न लिहिता मराठीत लिहिला. ज्योतिषाचे गणित, संहिता आणि जातक असे तीन स्कंध परंपरेने मानले आहेत. त्या प्रत्येकाचा इतिहास त्यांनी स्वतंत्रपणे दिला. फासे टाकून पडलेल्या आकृतीचा अर्थ सांगणाऱ्या रमलासारख्या विद्यांचीही दखल घेतली. टॅरोचे पान आणि रमलाचा फासा यांची जात एकच आहे: चिन्ह नशिबाने पडते आणि त्याला माणसांनी ठरवलेला अर्थ जोडला जातो. पंचांगातली तिथी, नक्षत्र, योग, करण ही मात्र चंद्र-सूर्यांच्या स्थितीवरून मोजून काढता येतात. तिथीचा गणिती भाग चूक की बरोबर, हे आकाशात पाहून ठरवता येते. ती तिथी शुभ की अशुभ, हे आकाशात दिसत नाही. तो अर्थ परंपरेचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखणे, हे दीक्षितांचा ग्रंथ वाचून आम्हाला मिळालेले सर्वांत उपयोगी शिक्षण आहे.

गणिताची ही ताकद त्यांनी इतिहासाच्या कामी लावली. मध्य प्रदेशातल्या एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा उल्लेख आहे. तिथी आणि वार यांचा हा मेळ २१ जून ४८४ या दिवशी बसतो, हे दीक्षितांनी गणिताने दाखवले. जे. एफ. फ्लीट यांना गुप्त संवताचा आरंभ निश्चित करताना या गणिताचा मोठा आधार मिळाला. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाच्या शतपथ ब्राह्मणातल्या उल्लेखावरून त्यांनी ते निरीक्षण इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचे असल्याचे अनुमान काढले.

मद्रासकडचे अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला. तोही १८९६ सालचाच. शक, विक्रम, हिजरी यांच्याबरोबर फसली सनाचीही माहिती त्यात आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी निजामकाळातले फसली सनाचे जमिनीचे कागद अजून जपून ठेवलेले आहेत. त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

ग्रंथ निघाल्यावर दोनच वर्षांनी, १८९८ साली, दीक्षितांचे निधन झाले. त्यांनी वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी केली नव्हती. पुढे त्यांच्या ग्रंथाचे हिंदी आणि इंग्रजी भाषांतर झाले, आणि भारतीय ज्योतिषाचा अभ्यास करणाऱ्यांना तो आजही टाळता येत नाही.

सामान्य वाचकांसाठी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक लिहिले. रात्रीच्या दोन घटका आकाश पाहण्यात कशा आनंदात जातात, ते त्यात सांगितले आहे. सभासदांना आमची एवढीच विनंती आहे, की येत्या पाडव्याला पंचांगवाचन झाल्यावर पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी मुलांना गच्चीवर न्यावे. पहिल्या दिवशी चंद्र बहुधा दिसणार नाही. मग कोर दिसू लागेल आणि पौर्णिमेपर्यंत वाढत जाईल. पंचांगातली तिथी आणि डोळ्यांसमोरचा चंद्र मुलांनी स्वतः ताडून पाहावा. भविष्य वाचायचे की नाही, पान काढायचे की नाही, हे पुढे ती आपले आपण ठरवतील.