सांभाळणाऱ्यांचीही शाळा

गणेशविसर्जन आटोपून गाव गाढ झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतली जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर ही नावे जगभर पोहोचली. हजारो माणसे गेली. वाचलेल्या कितीतरी लेकरांना परतायला घरच उरले नव्हते. कुणी आजोळी गेले, कुणी पुण्याच्या वसतिगृहात, कुणी नळदुर्गच्या ‘आपलं घर’मध्ये. अन्नवस्त्राची, शाळेची सोय झाली. पण रात्री दचकून उठणाऱ्या, महिनोन् महिने मुके राहणाऱ्या मुलाला जवळ कसे घ्यायचे, हे सांभाळणाऱ्यांना कोण शिकवणार होते?

असाच प्रश्न त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे एका मराठी विदुषीपुढे उभा राहिला होता. पंडिता रमाबाई त्यांचे नाव.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने लेकीला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. आधी वडील, मग आई, पाठोपाठ थोरली बहीण गेली. सोळा-सतरा वर्षांची रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, पण १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास यांच्याशी विवाह, १८८१ मध्ये कन्या मनोरमा आणि १८८२ मध्ये वैधव्य. भूक म्हणजे काय आणि आपले माणूस एकाएकी नाहीसे होणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

तरीही केवळ स्वतःच्या दुःखावर त्या विसंबल्या नाहीत, शिकत राहिल्या. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मूल खेळातून, हाताच्या कामातून उमलते आणि त्याला उमलवणाऱ्या व्यक्तीला प्रशिक्षण लागते, हे त्या पद्धतीचे सार. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्यामुळे त्यांना केडगावच्या शेतावर हलवले. तेच ‘मुक्ती सदन’. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. इतक्या मुलींना एकटी बाई कशी पुरणार? शारदा सदनात शिकून तयार झालेल्या स्त्रिया इथे शिक्षिका आणि सांभाळणाऱ्या झाल्या. काल जिला आधार मिळाला, ती आज दुसरीला आधार देऊ लागली. विणकाम, शेती, छपाई असे उद्योग उभे राहिले. मनोरमाबाईंनी अंध मुलींना ब्रेल शिकवले. निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला त्यांनी शाळा काढली. लातूर आणि नांदेडही तेव्हा त्याच राज्यात होते.

या कामाला दुसरी बाजूही आहे. शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात म्हणून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. मुक्ती सदनात तर ख्रिस्ती धर्म हाच जगण्याचा पाया झाला. आजच्या दृष्टीने पाहता आपल्याला इथे थबकावे लागते. मूल नव्या घरात येते ते आपले नाव, बोली, देव, आठवणी सोबत घेऊन. ते गाठोडे न सोडवता त्याला आपलेसे करणे, हा सांभाळणाऱ्याच्या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा. तो रमाबाईंच्या काळाला पुरता उमगला नव्हता.

आज कायदा त्या दिशेने गेला आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यात दत्तक आहे आणि काही काळापुरते दुसऱ्या कुटुंबात मूल ठेवण्याची सोयही आहे. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फोन आहे. दत्तक घेणाऱ्यांचे समुपदेशनही नियमात आले आहे. पण कागद मुलाजवळ रात्री बसत नाही. उशीखाली भाकरी लपवणारे लेकरू चोर नसते, त्याला उद्याची भाकरी मिळेल याचा भरवसा नसतो. घरात सगळे सुरळीत असताना एकाएकी आदळआपट करणारे मूल कृतघ्न नसते, हे घरही सुटेल या भीतीने ते आधीच भांडून घेत असते. हे ओळखणारी नजर प्रेमाने येतेच असे नाही, ती शिकावी लागते. मोठ्या शहरांत शिकलेले समुपदेशक भेटतात. आपल्या तालुक्याच्या गावी मात्र नातवाला सांभाळणारी आजी, वसतिगृहाची अधीक्षिका, वर्गशिक्षक हीच माणसे पहिली भेटतात. शिकवायचे आहे ते त्यांना.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. पोटची लेक गमावलेल्या रमाबाईंनी ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच डोळे मिटले. त्यांचे स्वतःचे घर दोनदा रिकामे झाले, पण केडगावचे घर चालू राहिले. कारण ते चालवणारे हात त्यांनी आधीच तयार करून ठेवले होते.