संततीचा प्रश्न आणि र. धों. कर्वे

महर्षी कर्वे म्हटले की हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ आपल्या डोळ्यांपुढे येते. त्यांच्यावर शाळेपासून निबंध लिहून आपले हात दुखले आहेत. त्यांच्या थोरल्या चिरंजीवांवर मात्र कोणी निबंध घातलेला मला आठवत नाही.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. पुढे वडिलांप्रमाणेच तेही गणिताचे प्राध्यापक झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजातील मानाची नोकरी होती. पण १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र काढले. या कार्यापायी नोकरी सोडावी लागली. त्यांनी नोकरी सोडली, काम सोडले नाही.

मूल केव्हा व्हावे, किती व्हावीत, की मुळीच होऊ नये, हे ज्या बाईला ते पोटात वाढवायचे तिच्या इच्छेवर असावे, असे त्यांचे म्हणणे होते. आज हे वाचताना त्यात विशेष काय, असे शहरातल्या मित्रांना वाटेल. माझ्या पणजीची दहा बाळंतपणे झाली आणि चारच मुले जगली. तिला कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनी स्वतः ठरवून मूल होऊ दिले नाही. लोकांना ज्ञान सांगायचे आणि घरात वेगळे वागायचे, असा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. या निर्णयाचे श्रेय आपण एकट्या रघुनाथरावांना देतो, हे मला खटकते. मूल नसलेल्या घरात बोल लागतो तो बाईला. समारंभात ओटी भरताना तिलाच वगळतात. त्या काळी असा निर्णय पाळणे मालतीबाईंना किती जड गेले असेल, याची कल्पना आपल्या आयाबहिणींना विचारून करावी. १९४४ साली त्या वारल्या.

जुलै १९२७ पासून रघुनाथराव 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत होते. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी खटला हरले व दंड झाला. एका गणिताच्या प्राध्यापकाने वाचकांना शरीरशास्त्र समजावून सांगितले, एवढाच काय तो गुन्हा!

१९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव वारले. मासिक शेवटपर्यंत चालू होते. त्यांच्यामागे वडील आणखी नऊ वर्षे जगले. १९५८ साली वडिलांना भारतरत्न मिळाले.