पवळाबाईंना आपल्या चळवळीत जागा आहे काय?

लहानपणी आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या खेड्यांत खडी गंमत पाहिलेले अनेक वाचक असतील. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून गडी नाचायचा. दुसऱ्या दिवशी तोच गडी आपल्या कपड्यांत कामावर जायचा. त्याची अब्रू गेली असे कुणी म्हणत नसे. पण त्याच जागी बाई उभी राहिली तर? पुरुषाने केलेली बाई चालते, बाईने केलेली बाई मात्र बदनाम होते. हा न्याय कुठून आला ते पाहायचे तर पवळाबाईंच्या आयुष्याकडे गेले पाहिजे.

पवळाबाई तबाजी भालेराव यांचा जन्म १८७० सालचा, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा या गावचा. जात महार. आईबापांनी नवस फेडण्यासाठी त्यांना जेजुरीच्या खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले, असे सांगतात. देवाला वाहिलेली मुलगी म्हणजे गावाने वापरायची मुलगी, हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कोवळ्या वयात ज्या मुलीचे लग्न देवाशी लावले जाते, तिने पुढे नाच स्वखुशीने निवडला असे म्हणणे हा वकिलाच्या भाषेत खोटा पुरावा आहे.

त्या काळी तमाशाच्या फडात बायका नव्हत्या. गवळण असो की लावणी, नाच्या पोऱ्या लुगडे नेसून ती करायचा. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचेच नाव घेतले जाते. पुढे त्या पठ्ठे बापूरावांच्या फडात आल्या. बापूराव म्हणजे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, जन्म १८६६. वतनदार ब्राह्मण घर सोडून ते तमाशात आले, महारा-मांगांत राहिले, त्यासाठी जातीचा बहिष्कार सोसला. त्यांचे हे मोठेपण नाकारण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांनी या जोडीला डोक्यावर घेतले.

पण लावणीतली 'मी' कोण असते? ती बाई असते. तिची तळमळ, तिचा शृंगार, तिचे रुसवे. लेखणी मात्र पुरुषाची, आणि शेवटच्या कडव्यात नाव बापूरावांचे. पवळाबाईंनी गायचे, नाचायचे, अदा करायची, पण आपल्या तोंडून आपले असे काही बोलायचे नाही. आजही लेखांत ते 'पठ्ठे बापूराव' असतात आणि बाई नुसती 'पवळा'.

याच काळात संगीत रंगभूमीवर बालगंधर्व स्त्रीभूमिका करीत होते. ती पदवी टिळकांनी दिली म्हणतात. पांढरपेशा घरांतल्या स्त्रिया त्यांची लुगड्याची, दागिन्यांची धाटणी उचलत. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. गुण होताच, तो वाद नाही. पण ब्राह्मण पुरुषाने रंगवलेली स्त्री कुलीन ठरली आणि महार स्त्रीने रंगवलेली स्त्री नाची ठरली. आमच्या व्यवसायात अलीकडे असाच एक नमुना पाहायला मिळाला. २००५ साली डान्स बारवर बंदी आली, तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. हायकोर्टाने २००६ साली ती रद्द केली आणि २०१३ साली सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. नाच तोच, गिऱ्हाईक बदलले की अश्लीलता बदलते!

महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बापूरावांनी तमाशाचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते घेतले नाही, ही हकिगत चळवळीत सर्वांना पाठ आहे. आपल्या बायांना नाचवून मिळालेला पैसा नको, असा त्यांचा मुद्दा होता. तो नकार नाचवणाऱ्याला होता. आपण तो नाचणारीला आहे असे समजून घेतले, ही आपली चूक. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासींपुढे बोलले. कडक बोलले. पोटासाठी दुसरे शेकडो मार्ग आहेत, पण हे जिणे सोडा, असा त्यांचा आग्रह होता. मला तो आग्रह योग्यच वाटतो. मात्र तेव्हा पवळाबाई साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांनी आता काय सोडायचे होते?

आपल्या जलशांनी गणपतीचा गण टाकला, अचकटविचकट गवळण टाकली. भीमराव कर्डकांसारख्यांनी गावोगाव विचार पोचवला, हे उपकार मोठे आहेत. पण नाची काढली तेव्हा तिच्या जागी सन्मानाने बाई आणली नाही. जलशातही बाईचे सोंग पुरुषच वठवीत राहिले. म्हणजे आपल्या मंचावरही स्त्रीचे म्हणणे पुरुषाच्याच तोंडून आले.

पुढे पवळाबाई आणि बापूराव वेगळे झाले. वय उतरले तसा पैसाही गेला, माणसेही गेली. १९३९ साली पवळाबाई गेल्या. १९४५ साली बापूराव गेले, तेही दारिद्र्यातच. पाच वर्षांनी या कहाणीवर चित्रपट निघाला. नाव होते 'पठ्ठे बापूराव'.