तळघरातला सूत्रधार

जेवणाच्या टेबलाभोवती पाच मुले बसली आहेत. टेबलावर सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. आहेत ते कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे चमत्कारिक फासे. त्यांतला एकजण सूत्रधार झाला आहे. तो सांगतो, की समोर एक जुनाट लाकडी दार आहे आणि आतून कुणाच्या तरी घोरण्याचा आवाज येतो आहे. आता काय करायचे ते बाकीच्या चौघांनी ठरवायचे. कुणी योद्धा आहे, कुणी मांत्रिक, कुणी चोर. आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकात जसे संवाद लिहिलेले नसतात, पात्राने प्रसंग ओळखून बोलायचे असते, तसाच हा प्रकार. फक्त इथे शेवट काय होणार हे सूत्रधारालाही ठाऊक नसते.

पहिल्यांदाच सूत्रधार झालेल्या मुलाची मात्र पाच मिनिटांत त्रेधा उडते. तलवारीचा वार लागला की हुकला, हे कसे ठरवायचे? मांत्रिक एकदा मंत्र म्हटला की तो विसरून का जातो? फासा टाकताना हात लपवायचा की सर्वांना दाखवायचा? आणि एखाद्याने दाराऐवजी छपराची कौले काढून आत उतरायचे ठरवले, नि पुस्तकात कौलांबद्दल अक्षरही नसेल, तर?

गेली पन्नास वर्षे जगभरचे नवखे हेच प्रश्न विचारत आले आहेत. या प्रश्नांना ज्याने पहिल्यांदा छापील उत्तरे दिली, त्या गॅरी गायगॅक्सचे आयुष्य हेही या प्रश्नांचेच एक उत्तर आहे.

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिन वाजवणारे. गॅरी आठ वर्षांचा असताना कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या तळ्याकाठच्या लहानशा गावी, आईच्या माहेरच्या गावी, राहायला आले. मुलगा बुद्धिबळात आणि अद्भुत कथांत रमलेला. शाळेत मात्र त्याचे मन लागले नाही. शिक्षण अर्धवट सुटले. १९५६ मध्ये वडील गेले. दोन वर्षांनी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने लग्न केले आणि पुढे पाच मुलांचा संसार झाला. पोटासाठी शिकागोत विमा कंपनीतली नोकरी. कोणत्या माणसाच्या आयुष्याला किती धोका, याचा हिशेब दिवसभर करायचा आणि रात्री तळघरात वाळूच्या टेबलावर शिशाची चिमुकली सैन्ये लढवायची, असा त्याचा दिनक्रम होता. धोक्याचे आकड्यांत रूपांतर करण्याची ती सवय पुढे त्याच्या फार कामाला आली.

१९६८ मध्ये त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन युद्धखेळांच्या शौकिनांचा मेळावा भरवला. शंभरेक माणसे जमली. जेन कॉन नावाचा तो मेळावा आजही दरवर्षी भरतो आणि तिथे आता हजारोंची गर्दी होते. पण छंद पोट भरत नाही. १९७० मध्ये विमा कंपनीतली नोकरी गेली. बत्तिशीतला हा पाच मुलांचा बाप घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करू लागला. शेजारीच टाइपरायटर होता. जोडे शिवून झाले की तो खेळांचे नियम लिही.

१९७१ मध्ये त्याने जेफ पेरेन या मित्राबरोबर मध्ययुगीन लढायांचे एक छोटे नियमपुस्तक काढले. त्याला शेवटी जोड दिली ती चेटूक आणि ड्रॅगनच्या नियमांची. हे पुस्तक मिनेसोटातल्या डेव्ह अर्नेसन या तरुणाच्या हाती पडले. अर्नेसनने एक वेगळीच गोष्ट करून पाहिली. एका खेळाडूला अख्खे सैन्य न देता एकच माणूस दिला आणि त्याला एका किल्ल्याखालच्या भुयारात सोडले. तो माणूस जगला तर पुढच्या खेपेला अधिक शहाणा, अधिक बळकट होऊन परत येई. १९७२ च्या हिवाळ्यात अर्नेसनने लेक जिनिव्हाला येऊन हा खेळ गॅरीला दाखवला. कल्पना अर्नेसनची, पण तिचे नियम बरेचसे त्याच्या डोक्यातच होते. ते कागदावर आणायचे काम गॅरीने अंगावर घेतले.

पहिली परीक्षा घरातच झाली. त्याने एक भुयार आखले आणि थोरल्या मुलाला व मुलीला त्यात उतरवले. हिंडता हिंडता त्यांना तांब्याच्या नाण्यांनी भरलेली एक पेटी सापडली. पण ती इतकी जड, की उचलून नेता येईना! मुले हिरमुसली. मात्र ती झोपायला गेल्यावर बाप भुयाराचा दुसरा मजला आखायला बसला. खेळाचे नाव ठरवताना त्याने नावांची यादीच घरच्यांना वाचून दाखवली. धाकट्या मुलीला जे आवडले ते ठेवले : डन्जन्स अँड ड्रॅगन्स.

कुणी प्रकाशक मिळेना. जिंकणारा-हरणारा नाही, पट नाही, शेवट नाही, असला कसला खेळ? अखेर १९७३ मध्ये डॉन के या बालमित्राबरोबर गॅरीने स्वतःचीच कंपनी काढली. डॉनने आपल्या विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले. जानेवारी १९७४ मध्ये हजार प्रती निघाल्या. तीन लहान पुस्तिका, लाकडासारखी दिसणारी खोकी, किंमत दहा डॉलर. खोकी घरीच भरली जात. वर्षाच्या आत सगळ्या खपल्या. पण ३१ जानेवारी १९७५ रोजी डॉन हृदयविकाराने गेला. त्याचे वय अवघे छत्तीस होते.

पुस्तिका खपल्या तशी प्रश्नांची रीघ लागली. आणि ते साहजिकच होते. त्या पुस्तिका जुन्या युद्धखेळ्यांसाठी लिहिलेल्या. नवख्याला त्यांतून वाट काढणे कठीण. चिलखताचा आकडा जितका लहान तितके चिलखत भक्कम, हे उलटे गणित तर भल्याभल्यांना चकवी. ते सुलट व्हायला २००० साल उजाडावे लागले. मांत्रिक मंत्र विसरतो, कारण गॅरीच्या आवडत्या जॅक व्हान्स या लेखकाच्या कथांत तो विसरतो, हे पुस्तिकेत शोधून कुणाला सापडणार? मात्र पुस्तिकांच्या अखेरीस त्याने एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली होती. जे लिहिलेले नाही ते तुम्हीच ठरवा; तुमच्या वाटची कल्पना आम्ही कशाला करायची, असा त्याचा भाव होता.

पण माणूस यशस्वी झाला की त्याचा सूर बदलतो. १९७७ ते १९७९ या काळात गॅरीने खेळाची तीन जाडजूड पुस्तके लिहिली. आता प्रत्येक शस्त्राला कोष्टक, प्रत्येक रोगाला कोष्टक. मेळाव्यांत सर्वांनी एकसारखे खेळावे म्हणून नियम पक्के हवेत, असे तो म्हणू लागला. नियम बदलणारा हा खेळच खेळत नाही, असेही त्याने मासिकात लिहिले. गंमत अशी, की त्याच सूत्रधारांच्या पुस्तकाच्या शेवटी नियमाच्या अक्षरापेक्षा खेळाचा आत्मा मोठा, असेही तोच सांगून गेला आहे. दोन गायगॅक्स एकाच पुस्तकात नांदत होते.

याच नव्या पुस्तकांवरून अर्नेसनशी बिनसले. त्याने श्रेयासाठी आणि मानधनासाठी १९७९ मध्ये दावा लावला. १९८१ मध्ये तडजोड झाली. पुढे खेळावर सैतानी असल्याचा आरोप झाला. घाबरलेल्या पालकांना उत्तरे देत गॅरीला दूरदर्शनवर बसावे लागले. त्या आरोपांना पुरावा कधी मिळाला नाही. १९८३ मध्ये खेळावरची कार्टून मालिका सुरू झाली, गॅरी हॉलिवूडला राहू लागला, आणि इकडे कंपनी कर्जात बुडत गेली. डॉनच्या मृत्यूनंतर बहुतांश भाग भागीदार ब्लूम कुटुंबाकडे गेले होते. १९८५ मध्ये त्यांनी ते विकले आणि गॅरीच्या हातातून कंपनी गेली. कोर्टात तो हरला. १९८६ अखेर तो बाहेर पडला. १९९२ मध्ये त्याने नवा खेळ काढला, तर त्याच्याच जुन्या कंपनीने त्याच्यावर खटला भरला. ज्या माणसाने जगाला नियम दिले, त्याला आता स्वतःच्याच खेळात सोंगटी हलवण्याचा अधिकार उरला नव्हता.

इथे ही कहाणी करुण व्हायला हवी होती. पण तशी ती होत नाही. गॅरी लेक जिनिव्हाला परतला. १९९७ मध्ये जुनी कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली आणि त्याच्याशी पुन्हा गोडीने वागू लागली. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात दर आठवड्याला त्याच्या घरी खेळ रंगे. लांबून लांबून नवखे येत, नियम विचारत, आणि तो उत्तरे देत असे. त्याच्या घरच्या खेळात कोष्टके फारशी निघत नसत. प्रसंग पाहावा, फासा टाकावा आणि पुढे जावे, अशी त्याची स्वतःची रीत होती. २००४ मध्ये पक्षाघाताचे झटके आले, तरी जानेवारी २००८ पर्यंत हा खेळ चालू होता. ४ मार्च २००८ रोजी, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, तो गेला. पुढच्याच वर्षी, एप्रिलमध्ये अर्नेसनही गेला.

आता पुन्हा त्या टेबलाकडे येऊ. कौले काढून आत उतरू पाहणारा चोर अजून छपरावरच बसला आहे आणि नवखा सूत्रधार घाईघाईने पाने उलटतो आहे. त्याने पुस्तक मिटले तरी चालेल. कौल निसटण्याची शक्यता किती, हे मनाशी ठरवावे, फासा पुढे करावा आणि जो आकडा पडेल तो सर्वांदेखत मान्य करावा. कारण नियम विसरला तर मुले रागावत नाहीत. गोष्ट थांबली, की मात्र ती उठून जातात. लेक जिनिव्हाच्या त्या घरात, मुले झोपल्यावर दुसरा मजला आखणाऱ्या बापाला हे पहिल्याच रात्री कळले होते. मधली काही वर्षे तो ते विसरला, इतकेच.