दादोबा पांडुरंग आणि सुरतेचा संकल्प

मराठी व्याकरणाच्या तासाला दादोबा पांडुरंग तर्खडकर हे नाव प्रत्येकाच्या कानावर एकदा तरी पडते. मराठी भाषेचे पाणिनी म्हणून आपण त्यांची ओळख करून घेतो आणि परीक्षा संपली की त्यांना विसरून जातो. पण या व्याकरणकाराने तारुण्यात आणखी एक संकल्प केला होता. तो त्यांना एकदा नव्हे, दोनदा अर्ध्यावर सोडावा लागला आणि उतारवयात त्यांनी तोच पुन्हा हाती घेतला. ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. तिची सुरुवात मुंबईत किंवा पुण्यात झाली नाही. ती झाली तापीकाठच्या सुरतेत.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईत झाला. घराणे मूळचे वसईजवळच्या तर्खडचे, वैश्य ज्ञातीचे. एल्फिन्स्टन संस्थेत ते इंग्रजी शिकले आणि १८३६ मध्ये, म्हणजे वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांचे मराठी व्याकरण छापून प्रसिद्ध झाले. पुढे काही काळ माळव्यातील जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले आणि १८४० नंतरच्या वर्षांत सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेवर ते आले.

त्या वेळची सुरत म्हणजे ओसरलेल्या वैभवाचे शहर. मोगल अमदानीत जिथून मक्केची जहाजे सुटत आणि जिथे इंग्रज, डच, फ्रेंच यांच्या वखारी होत्या, त्या बंदराचा व्यापार मुंबईने केव्हाच ओढून घेतला होता. जातींची बंधने मात्र पूर्वीइतकीच घट्ट होती. या शहरात दादोबांना दुर्गाराम मंछाराम हा सोबती भेटला. दुर्गाराम मेहताजी गुजराती शाळेचे शिक्षक, नागर ब्राह्मण. विधवाविवाहाचा पक्ष ते उघडपणे घेत आणि भुताखेतांच्या नावाने लोकांना भिवविणाऱ्या मांत्रिकांना भर सभेत आव्हान देत. एकाची मातृभाषा मराठी, दुसऱ्याची गुजराती. पण विचार जुळले की भाषेचा अडसर राहत नाही, हे सांगायला त्यांना कोणी तिसरा लागला नाही.

२२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन झाली. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर आणि दामोदरदास हे तिचे प्रमुख. पाचही नावे 'द' पासून सुरू होणारी, म्हणून लोकांनी त्यांना पाच दद्दे म्हणून ओळखले. ईश्वर एक, मनुष्यमात्राची जात एक, धर्म प्रेमावर आणि नीतीवर उभा असावा, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य असावे, आचरण बुद्धीला पटणारे असावे आणि ज्ञान सर्वांना मिळावे, अशी विचारसरणी दादोबांनी या काळातच आपल्या 'धर्मविवेचन' या ग्रंथात सूत्रबद्ध केली होती. आज ही वाक्ये शाळेच्या भिंतीवर लिहिलेली असतात, म्हणून ती आपल्याला साधी वाटतात. त्या काळी त्यांची किंमत काय होती, हे एका उदाहरणावरून कळेल. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहून आला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, एवढेच बाळशास्त्री जांभेकर म्हणत होते, तरी त्यांच्यासारख्या विद्वानाला स्वकीयांचा केवढा रोष पत्करावा लागला! मग जातच नको म्हणणाऱ्याची गत काय झाली असती?

मानवधर्मसभा उघडपणे भरत असे. वादासाठी कोणीही यावे. पण १८४६ मध्ये दादोबांची मुंबईला नॉर्मल स्कूलच्या प्रमुखपदी बदली झाली. सभेचा एक खांब गेला. १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि सुरतेतील काम थंडावले. दादोबांचे आत्मचरित्रही १८४६ च्या सुमारास येऊन थांबते, हा योगायोग चटका लावून जातो.

मुंबईत त्यांच्याभोवती नवशिक्षित तरुण जमले आणि सुरतेत मागे राहिलेल्या संकल्पाला नवी पालवी फुटली. १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली. रामकृष्ण बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष झाले. मतांचा गाभा तोच, पण पद्धत अगदी उलट. ही सभा गुप्त होती. सभासद होऊ इच्छिणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांदेखत खावा लागे. आज कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मिसळीबरोबर पाव खाताना आपली जात बुडेल असे कोणाच्या मनातही येत नाही. त्या तरुणांच्या दृष्टीने तो एक घास म्हणजे घरदार, लग्नसंबंध आणि आईबाप यांच्यावर पाणी सोडण्याची तयारी होती. म्हणूनच बंद दाराआड जो घास घेतला, तो उघड्यावर घेण्याचे धैर्य बहुतेकांना झाले नाही.

गुप्ततेतच सभेचा शेवट दडलेला होता. दादोबा १८५२ मध्ये नगरला डेप्युटी कलेक्टर म्हणून गेले. भिल्लांचा उठाव शमविण्याच्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांना रावबहादूर केले. इकडे १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीस गेली आणि सभासदांची नावे फुटली. सारे घाबरले, पांगले, सभा मोडली. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी दादोबांच्या हाती काय उरले? मानमरातब होता, व्याकरणकार म्हणून कीर्ती होती. पण ज्यासाठी दोन शहरांत धडपड केली ते काम दुसऱ्यांदा मातीला मिळाले होते.

अशा वेळी शहाणा माणूस पेन्शनीचा हिशेब करतो आणि जुन्या गोष्टी तारुण्याचे वेड म्हणून बाजूला ठेवतो. दादोबांनी तसे केले नाही. प्रथम ते आपल्या हातच्या कामाकडे, भाषेकडे वळले. १८६५ मध्ये मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनी टीका प्रसिद्ध केली आणि आईवडिलांच्या नावावरून तिला 'यशोदा पांडुरंगी' असे नाव दिले. दरम्यान काळही पालटत होता. केशवचंद्र सेन मुंबईला येऊन गेले आणि ३१ मार्च १८६७ रोजी दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज स्थापन झाला, तोही उघडपणे. पुढे रानडे आणि भांडारकर त्यात आले. पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, दादोबांनी सुरतेच्या दिवसांपासून जपून ठेवलेले 'धर्मविवेचन' छापले. तेव्हा ते चोपन्न वर्षांचे होते.

त्या पुस्तकावर त्यांनी स्वतःचे नाव घातले नाही. 'एक जगद्वासी आर्य' एवढीच सही केली. यावर कोणी भित्रेपणाचा आरोप करील, आणि तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. पण जी मते पूर्वी विश्वासातल्या मोजक्या सभासदांपुरतीच होती, ती आता कोणीही विकत घेऊन वाचावीत अशी झाली होती, हेही विसरता कामा नये. नंतर त्यांची लेखणी थांबली नाही. १८७८ मध्ये स्वीडिश तत्त्वज्ञ स्वीडेनबोर्ग यांच्या ग्रंथांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला निघाले. १८८० मध्ये, सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' प्रसिद्ध केला. ज्या नावाने वीस वर्षांपूर्वी लोक धास्तावून पांगले, तेच नाव त्यांनी ग्रंथाच्या माथ्यावर मिरविले. १७ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांचे निधन झाले.

सुरतेत पेरलेले सारे वाया गेले असेही नाही. दुर्गारामांच्या हाताखाली तयार झालेले महिपतराम रूपराम पुढे अहमदाबादच्या प्रार्थना समाजाचे धुरीण झाले आणि त्यांनीच आपल्या गुरूचे चरित्र लिहिले. परभाषिक शहरात पाच-सहा वर्षे नोकरी करून निघून गेलेल्या मराठी शिक्षकाचा त्यातला वाटा मोजून दाखविता येणार नाही. पण तो नाकारताही येणार नाही.

दोन भाषा बोलणाऱ्या मुलखात राहणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना या चरित्रातून घेण्यासारखे दोन धडे आहेत. एक, शेजारच्या भाषेतला मनुष्य आपल्या कामाचा पहिला सोबती होऊ शकतो. आणि दुसरा, हाती घेतलेले काम मोडले म्हणजे त्यामागचा विचार मोडला असे होत नाही. सभा बुडाल्या, पण त्यांचा विचार ज्या वहीत लिहिलेला होता, ती वही दादोबांनी पंचवीस वर्षे टाकून दिली नाही.