घाटावरचे पाणी

जमशेटजी टाटा यांचा जन्म १८३९ साली नवसारी येथे झाला. १८७७ साली त्यांनी नागपुरास कापडाची गिरणी काढली. गिरणी म्हटली की कोळसा आलाच. मुंबईच्या गिरण्यांना तो फार दुरून आणावा लागे. जाळल्यावर त्याची बरीचशी उष्णता धुरांड्यावाटे व वाफेबरोबर वाया जाई आणि शहर धुराने काळवंडे.

इकडे सह्याद्रीवर मुसळधार पाऊस पडे व पाणी वाहून जाई. ते लोणावळ्याजवळ अडवावे, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस सोडावे, त्याच्या वेगाने चक्रे व चक्रांनी जनित्रे फिरवावीत आणि वीज तारांवरून मुंबईस न्यावी, असा बेत ठरला. मूळ कल्पना गॉस्टलिंग नावाच्या इंग्रज गृहस्थांची. पण तिचे मोल जमशेटजींनी ओळखले. अडचण एकच, पण मोठी! पाऊस चार महिने, गिरण्या मात्र बारमाही. म्हणून वर्षभर पुरेल एवढे पाणी साठविणारे तलाव हवे होते.

१९०४ साली जर्मनीत त्यांचे निधन झाले. पुत्र दोराबजी यांनी काम हाती घेतले. भांडवल या देशातच उभे राहिले. १९११ साली लोणावळ्यास कोनशिला बसली. १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली, तेव्हा जमशेटजींना जाऊन अकरा वर्षे होत आली होती.